या जमिनीवर नाही

माझ्या सासऱ्यांचा आवाज मशिदीच्या भोंग्यातून आला, तेव्हा मी मागीलदारी बांगडे साफ करत बसले होते.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर मौलवी तय्यब रोज थोडा वेळ कुरआनातली एखादी आयत घेऊन तिचा अर्थ सांगायचे. बायकांना घरबसल्या ऐकता यावं म्हणून माईक चालूच ठेवत. त्या दिवशी त्यांचं सांगून संपत आलं होतं आणि मध्येच दुसरा आवाज घुसला. घोगरा, डेकवर ओरडून ओरडून फाटलेला.

"मौलवीसाब, एक विचारायचं आहे. अल्लानं सात आसमान केले आणि जमिनीही तितक्याच केल्या, असं लिहिलंय. मग बाकीच्या जमिनींवर माणसं आहेत का?"

कुणीतरी हसलं. भोंग्यातून हसणं फार मोठं ऐकू येतं. माझ्या हातातला बांगडा तसाच राहिला.

मौलवी तय्यब वयानं लहान, मदरशातून शिकून आमच्या गावात येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. पण माणूस गंभीर होता. ते हसले नाहीत. म्हणाले, कुरआनातला सूरे तलाक हा जो अध्याय आहे, त्याच्या शेवटच्या आयतीत तसं आहे खरं. त्याचा अर्थ कुणी सात थर असा केला, कुणी सात मुलूख, कुणी खरोखरच्या वेगळ्या दुनिया. दुसऱ्या एका ठिकाणी असंही आलंय की त्यानं आसमानांत आणि जमिनीत, दोन्हीकडे जीव पसरले आहेत आणि तो म्हणेल तेव्हा त्यांना एकत्र करू शकतो. तेव्हा कुठेच कुणी नाही असं आपण म्हणू नये.

इथं ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण जे वाचलंय ते सांगून टाकायचा त्यांचा स्वभाव. ते पुढं म्हणाले, पैगंबरांचे सोबती इब्ने अब्बास यांच्या नावावर एक जुनी रिवायत, तोंडोतोंडी आलेलं वचन, सांगतात. त्या प्रत्येक जमिनीवर तुमच्या आदमसारखा आदम आहे, नूहसारखा नूह आहे, इब्राहिमसारखा इब्राहिम. मग घाईघाईनं त्यांनी जोडलं की तिच्यावर उलेमांचं एकमत नाही, बरेच जण ती मानत नाहीत, आणि ती मानणं हा काही इमानचा भाग नाही.

"म्हणजे माणसासारखा माणूस," सासरे म्हणाले. "इथला तसा तिथला."

"रिवायत तसं म्हणते. खरं काय ते अल्लाला ठाऊक."

"बस," सासरे म्हणाले. मग कुणीतरी माईक बंद केला.

आम्ही घरात कोकणी बोलतो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत सांगते आहे. माझं नाव सफूरा. दाभोळच्या खाडीवर आमचं गाव. माझे सासरे अमीनुद्दीन हमदुले सगळी उमर जहाजांवर होते. डेकवरच्या खलाशांचा जो मुकादम असतो त्याला सारंग म्हणतात, म्हणून गाव त्यांना अमीन सारंग म्हणायचं आणि मी बाबा म्हणायचे. सासू माझ्या लग्नाआधीच गेली होती. घरात बाबा, त्यांची विधवा बहीण हलिमा फुफी आणि मी, एवढीच माणसं. चौथा होता तो माझा नवरा, मुनाफ.

मुनाफ मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला होता. आमचं लग्न झाल्यावर तो पहिल्यांदा गेला आणि परत आला. दुसऱ्यांदा गेला तो आला नाही. मॉरिशसच्या अलीकडे कुठेतरी ते जहाज वायरलेसला उत्तर द्यायचं थांबलं. वादळाची बातमी नव्हती, मदतीची हाक नव्हती. शोधायला विमान गेलं, त्याला पाण्यावर तेलसुद्धा दिसलं नाही. आसपासच्या गावांतली आणखी काही मुलं त्यावर होती. त्यांच्या घरच्यांनी थोडे महिने वाट बघितली आणि मग मयत समोर नसताना पढतात ती गायबाना जनाजाची नमाज पढून घेतली.

बाबांनी पढली नाही. ते म्हणायचे, जहाज असं जात नाही. बुडालं तर लाकूड वर येतं, ड्रम वर येतात, कपडे वर येतात. काहीच वर आलं नाही याचा अर्थ ते कुठेतरी आहे. कुणी मातमपुरशीला, सांत्वन करायला, आलं तर ते चहा पाजून पाठवून देत, पण विषय काढू देत नसत. रोज दुपारी जेवण झालं की ते उंबऱ्यावर बसत. तिथून खाडी दिसते आणि तरीवरून, म्हणजे होडी लागते त्या जागेवरून, वर येणारी वाट दिसते. संध्याकाळच्या शेवटच्या होडीची माणसं वर येऊन आपापल्या घरी पांगली की मग आत येत.

मी आत असे. मला कुणी डांबून ठेवलं नव्हतं. माहेरी जा म्हणत, मी जाऊन येई. पण माझ्या बांगड्या हातात होत्या आणि नवरा नव्हता. मी विधवाही नव्हते आणि लग्नाची बाईही नव्हते. बायका लग्नघरात मला कुठं बसवावं ते ठरवत असत तेवढा वेळ मी दारात उभी राही. आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगत नसे. मुनाफचा चेहरा मला आठवायचा, पण आवाज गेला होता. तो मला काय म्हणायचा ते शब्द आठवत, आवाज दुसऱ्याच कुणाचा येई.

अशी चार वर्षं गेली, तेव्हा चिपळूणहून माझा भाऊ कादर आला. महाडचं एक स्थळ होतं. निसार नावाचे शाळामास्तर, बायको बाळंतपणात गेलेली. कादरनं बाबांसमोर बोलायची हिंमत केली नाही, तो सरळ मौलवींकडं गेला. मौलवी घरी आले. नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नसला तर बाईला निकाहातून मोकळं होण्याचा रस्ता आहे, हे त्यांनी बाबांना शांतपणे समजावलं. काझीसाहेब येतील, चौकशी करतील, मग फैसला. नंतर इद्दत, म्हणजे बाईनं थांबायची मुदत, आणि मग ती दुसरा निकाह करू शकते. इद्दतीचे हुकूम कुठं कुठं आले आहेत ते दाखवताना त्यांनी सूरे तलाक उघडली. मात्र एक अडचण त्यांनी लपवली नाही. काझीसाहेब बाबांना विचारणार, मुलाची काही खबर आहे का? बाबा जर म्हणाले की आहे, तो जिवंत आहे, तर सगळं अडून बसेल.

मौलवी गेल्यावर बाबांनी चष्मा लावला आणि कुरआनाचा उर्दू तर्जुमा मांडीवर घेतला. मुलाचं आणि माझं नातं तोडणाऱ्या आयती त्यात होत्या म्हणून त्या पुन्हा वाचत असतील, असं मला वाटलं. पण ते वाचत वाचत सूरेच्या शेवटापर्यंत गेले होते. सोडचिठ्ठीचे आणि इद्दतीचे सगळे कायदे संपतात आणि अगदी शेवटी, एकाच आयतीत, सात आसमान आणि तितक्याच जमिनी येतात. नंतरचे दोन दिवस ते तेवढंच वाचत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मशिदीत विचारलं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याची मला आजही भीती वाटते.

बाबा खूश होते. चार वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. जेवताना ते फुफीला सांगू लागले की तिथंही खाडी असणार, होड्या असणार, आपल्यासारखंच कौलारू घर असणार. तिथं आज काय शिजलं असेल? फुफी रडायला लागली तर म्हणाले, रडतेस कशाला, तिथली हलिमा हसत असेल बघ. मुनाफ पंगतीला असल्यासारखं ते कधीकधी बोलता बोलता थांबत, कान देत आणि मान हलवत. आणि माझ्याकडे बघताना माझ्याकडे बघत नसत. माझ्या खांद्याच्या जरा मागे, तिथं कुणी उभं असावं तसं बघत.

एका दुपारी मी विहिरीवर होते. पडवीतून हाक आली, "सफूरा!" मी कळशी तशीच टाकून गेले. ते उंबऱ्यावर बसले होते. मी समोर उभी राहिले, पदर सावरला, काय हवंय विचारलं.

"तुला नाही," ते म्हणाले. "तिला."

ऊन लख्ख होतं. अंगणात मी सोडून कुणी नव्हतं. मी परत विहिरीवर गेले, पण पाणी ओढायला वाकायची माझी छाती होईना. खाली पाण्यात माझं तोंड दिसतं हे मला ठाऊक होतं.

गावात बोभाटा झाला. अमीन सारंगचं डोकं फिरलं, असं लोक मौलवींच्या तोंडावर म्हणू लागले, त्यांनीच फिरवलं असंही म्हणू लागले. मौलवी येऊन बाबांपुढे अक्षरशः हात जोडून बसले. ती रिवायत मी सांगायला नको होती, म्हणाले. गैबची गोष्ट, जे डोळ्याआड आहे ते, फक्त अल्ला जाणतो. तिच्यावर घर बांधू नका. बाबांनी त्यांचे हात धरून खाली केले आणि म्हणाले, "असू शकतं, एवढंच तुम्ही सांगितलंत. मला तेवढं पुरे आहे."

आणि मग, कसं कोण जाणे, एका आठवड्यातच त्यांची ती खुशी गेली. पुन्हा गप्प झाले. उंबऱ्यावर बसत, पण वाटेकडे न बघता जमिनीकडे बघत. तर्जुमा त्यांनी फडताळात ठेवून दिला. फुफी म्हणाली, उतरलं एकदाचं. मला तसं वाटेना. चढलेलं माणूस आणि उतरलेलं माणूस दोन्ही मी बघितली आहेत, हे तिसरंच काहीतरी होतं.

काझीसाहेब आले ते जुम्याच्या, शुक्रवारच्या, नमाजनंतर. पडवीत सतरंजी घातली. काझीसाहेब, मौलवी तय्यब, जमातीची दोन मोठी माणसं आणि कादर. मी दाराआड फुफीजवळ बसले. कादरचा चेहरा उतरला होता. बाबा सगळ्यांसमोर त्या सात जमिनींचं काढणार आणि मुलगा जिवंत आहे म्हणून सांगणार, असं त्याला वाटत होतं. सगळ्यांनाच वाटत होतं. मलाही वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तसं झालं तर बरं की वाईट, हे मला ठरवता येत नव्हतं. निसार मास्तरांना मी पाहिलंही नव्हतं. पण मला कुणाच्या तरी घरात बाई व्हायचं होतं. लग्नघरात कुठं बसायचं ते माहीत असलेली बाई.

काझीसाहेबांनी सुरुवात करायच्या आत बाबा उठले. म्हणाले, मला आधी सुनेशी दोन शब्द बोलायचे आहेत. ते मला मागे विहिरीपाशी घेऊन गेले. तिथं एक पोफळ आडवी पडलेली होती, तिच्यावर बसले. मला बस म्हणाले. सासऱ्यांसमोर मी अशी कधी बसले नव्हते.

"तू इथं आहेस म्हणून तो आहे, असं मला वाटायचं," ते म्हणाले. "तू थांबलेली असलीस की कुणीतरी येणारं आहे, असा त्याचा अर्थ होतो. तू गेलीस की मग घरात नुसता मी. माझ्यासाठी कोण परत येणार?"

मी पोफळीच्या कडेला सरकून बसले.

"आता ते काम तुझं नाही. तिथं दुसरी आहे. तुझ्यासारखी. तो तिच्यापाशी आहे, असं समज. ती बघेल त्याचं. तू जा."

ते हे माझ्याकडे बघून बोलले, माझ्या मागे बघून नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्याच वेळी माझ्या मनात एक गोष्ट आली. इतकी साधी की ती त्यांच्या लक्षात कशी आली नाही, याचं मला नवल वाटलं. मी ती बोलले नाही. एका म्हाताऱ्या माणसानं कुठून तरी एवढा दिवा आणला होता, तो मी फुंकरीनं कशाला विझवू? मी मान खाली घातली. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पडवीत गेले.

काझीसाहेबांनी विचारलं, "अमीनुद्दीन, तुमच्या मुलाची काही खबर तुमच्यापाशी आहे का?"

"खबर नाही," बाबा म्हणाले. "माझा मुलगा या जमिनीवर नाही."

कुणी गेल्याचं कळल्यावर म्हणतात ते इन्ना लिल्लाह जमातीच्या माणसांनी म्हटलं. बापानं अखेर कबूल केलं म्हणून एकानं डोळे पुसले. काझीसाहेबांनी मान डोलावली. मौलवी तय्यब मात्र चमकून बाबांकडे बघू लागले. बाबा काय बोलले ते त्या पडवीत फक्त त्यांना आणि मला नीट कळलं होतं. ते तोंड उघडणार असं मला दाराच्या फटीतून दिसलं. बाबांनीही त्यांच्याकडे बघितलं. मग मौलवींनी नजर खाली केली आणि तसबीहचे मणी ओढत राहिले.

असरच्या वेळी मशिदीत मुनाफची गायबाना नमाज झाली. बाबा पहिल्या रांगेत होते. भोंग्यातून अल्लाहू अकबरची तकबीर ऐकू येत होती, एकामागून एक चार. फुफीनं माझ्या बांगड्या उतरवल्या, पितळेच्या थाळीत ठेवल्या. इद्दत मी त्याच घरात काढली. त्या सगळ्या दिवसांत बाबांनी मला एकदाही हाक मारली नाही, ना मला ना तिला. काही हवं असलं तर स्वतः उठून घेत.

निसार भला माणूस निघाला. मला दोन मुली झाल्या. महाडला आमचं घर बाजाराच्या मागे आहे, तिथून समुद्र दिसत नाही, याचं मला पहिली काही वर्षं बरं वाटायचं. बाबांकडे मी ईदला जात असे. निसार स्वतः सोडायला येई. बाबा त्याच्याशी शाळेबद्दल, भात लावणीबद्दल बोलत. मुलींना खांद्यावर घेत. सात जमिनींचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही, आणि मीही नाही. गाव तर ते केव्हाच विसरून गेलं होतं. मौलवी तय्यबांचीही दुसऱ्या गावी बदली झाली होती.

मग एका हिवाळ्यात निरोप आला की बाबांनी अंथरूण धरलं आहे. फुफी तोवर गेली होती, पुतण्याच्या घरचे त्यांचं करत होते. मी गेले तेव्हा सकाळची वेळ होती. खाट पडवीत आणून ठेवली होती, ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. माणूस चिपाड झालं होतं, पण डोळे साफ होते. त्यांनी पुतण्याच्या बायकोला आत पाठवलं.

"त्या दिवशी विहिरीपाशी मी बोललो," ते म्हणाले, "तेव्हा तुझ्या मनात काहीतरी आलं होतं. तोंडावर दिसलं मला. तू गप्प राहिलीस."

मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे, बाबा.

"सांग आता. मी काय आता रागावणार?"

मग मी सांगितलं. म्हटलं, तिथं सगळं इथल्यासारखंच असेल, तर तिथं ते जहाजही असेल. आणि समुद्रही असेल.

ते हसले. हसताना खोकला आला, मी त्यांची पाठ धरली. नुसती हाडं हाताला लागली.

"सगळी उमर मी समुद्रावर काढली, पोरी. तुला आलं ते मला आलं नसेल? पहिले काही दिवस नाही आलं. फार बरे गेले ते दिवस. मग एका दुपारी इथंच बसलो असताना आलं. तिथंही तो नाही. सातांपैकी कुठंच नाही."

"मग तसं का बोललात मला?"

बोलायला त्यांना दम जमवावा लागत होता.

"मला सात उंबरे दिसायला लागले. सातांवर सात म्हातारे. प्रत्येकानं आत एक पोर ठेवलेली. कुणी उठत नाही. प्रत्येकाला वाटतंय, मी उठलो तर मुलगा मेला. मी म्हटलं, आम्ही सगळे एकसारखे असू, तर मी बसेन तोवर सगळेच बसतील. कुणीतरी आधी उठायला हवं होतं."

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. दुसरं काही करता येत नव्हतं.

"उठले असतील ना गं बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"उठले असतील, बाबा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. दोन दिवसांनी ते गेले. मयतीला मौलवी तय्यब लांबून आले होते, दाढी पांढरी झालेली. मला बघून ते थांबले, काहीतरी विचारावं असं त्यांच्या मनात होतं, पण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी बाबांना हो म्हटलं, पण मला स्वतःला तितकी खात्री नाही. सात म्हणजे पुष्कळ झाले. एखाद्या जमिनीवर तो उठला नसेल. काझी येऊन परत गेला असेल. तिथली सफूरा अजून त्या घरात असेल, माझ्याएवढीच म्हातारी, आणि आता तिला तू जा म्हणून सांगणारं कुणी उरलंही नसेल. नमाज झाली की मी दुआ मागते. आधी मुलींसाठी, मग निसारसाठी, बाबांसाठी, मुनाफसाठी, आणि सगळ्यात शेवटी तिच्यासाठी. नाव घेऊन मागते. नाव माझंच आहे, त्यामुळे शेजारी बसलेल्या बायकांना वाटतं, मी स्वतःसाठी मागते आहे.